मदत हवी आहे: स्प्रिंगवाल्या एअर रायफलवरचा स्कोप झिरो धरतच नाहीये

मंडळी, जाणकारांनी जरा मार्ग दाखवा, डोकं फिरायची वेळ आलीय.

माझ्याकडे पॉइंट १७७ ची ब्रेक बॅरल (नळी मोडून छर्रा भरायची) स्प्रिंगवाली आहे, २० ज्यूलच्या आतली, बिनलायसनची. शेतात बांधाला मातीचा ढीग केलाय, त्याच्यापुढे कागद लावून २० मीटरवरून मारतो, बास. शिकार वगैरे काही नाही त्यामुळे धागा तिकडे नेऊ नका प्लीज. स्कोप ३-९ बाय ४० चा आहे, पुढची रिंग फिरवून पॅरॅलॅक्स (डोळा हलला की नेम सरकल्यासारखा दिसतो तो दोष) १० यार्डापर्यंत जुळवता येतो, म्हणजे अगदीच टुकार नाहीये.

प्रॉब्लेम असा की झिरो केला (म्हणजे नेम जिथे तिथेच छर्रा लागेल असा स्कोप जुळवला) की पाच छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकतील असे बसतात, मन खुश, रायफल कव्हरमध्ये घालून घरी. पुढच्या वेळी काढली की ग्रुप (छर्र्यांचा पुंजका) तसाच्या तसा छान, पण इंच-दीड इंच खाली! डावी-उजवीकडे काही नाही, फक्त खाली. परत स्कोपवरची खुंटी (टरेट) फिरवून क्लिक वर द्यायचे, परत बसतो, परत तेच, आणि आता तर एकाच बैठकीत सुद्धा खाली उतरायला लागलाय.

दस्त्याचे पुढचे दोन्ही स्क्रू आणि घोड्याजवळचे बघितले, घट्ट आहेत. स्कोप धरणाऱ्या रिंगांचे पण. छर्रे एकाच डब्यातले, गोल डोक्याचे, ८.४ ग्रेन. नळीतून धूर येत नाही म्हणजे तेल जळत नाहीये. दुकानदाराचं एकच, "साहेब स्कोप गेला, नवा घ्या." बघायला पण तयार नाही तो. खरंच गेलाय का?

खटपट्या: माउंट (स्कोप बंदुकीच्या रेलवर, म्हणजे वरच्या खाचेवर, धरणारा भाग) सरकत असणार. स्प्रिंगवाली बंदूक आधी मागे येते आणि पिस्टन पुढे जाऊन थांबला की पुढे झटका देते, दोन्हीकडून मार. मोठ्या रायफलचे चांगले चांगले स्कोप यात खुळखुळे होतात कारण त्यांना फक्त मागचा धक्का सोसायची सवय. माउंटच्या मागे रेलवर पेन्सिलने बारीक रेघ मारा आणि डबाभर छर्रे मारून बघा.

धागाकर्ता: मारली रेघ. जागची हललेली नाही दादा. मागच्या माउंटला स्टॉप पिन आहे, ती रेलच्या भोकात नीट बसलीय.

निवांत बसलेला: मग स्कोप काढून ठेवा आणि साध्या माशीवर (बंदुकीच्याच बिनकाचेच्या नेमावर) मारा. तिथेही ग्रुप फिरला तर दोष बंदुकीचा, नळीच्या बिजागरीचा बोल्ट ढिला असेल. आणि वाळूच्या पिशवीवर दाबून धरू नका, स्प्रिंगवालीला तळहातावर नुसती ठेवायची, आवळली की नेम हलतो. बाकी स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य काढलं ते ५० मीटरवर आणि बिनस्कोपचंच, तुम्हाला २० मीटरला कशाला पाहिजे हे लफडं 😄

धागाकर्ता: आमचे डोळे त्याच्यासारखे असते तर काय पाहिजे होतं राव! माशीवर मारून बघितलं, वेगवेगळ्या दिवशी, ग्रुप जरा मोठा येतो पण जागा सोडत नाही. बिजागरीला पण खेळ नाही. म्हणजे बंदूक सुटली, स्कोपच अडकला ना?

गप्प वाचणारा: थांबा, नवा घेऊ नका इतक्यात. वर-खालीचा टरेट 'वर'च्या दिशेने अजून किती फिरतो ते सांगा.

धागाकर्ता: जेमतेम अर्धा फेरा. खालच्या दिशेला मात्र भरपूर जागा आहे.

गप्प वाचणारा: तेच तर. बऱ्याच ब्रेक बॅरलची नळी रेलच्या मानाने किंचित खाली झुकलेली असते, त्यामुळे मुळातच खूप क्लिक वर द्यावे लागतात. स्कोपच्या आतली क्रॉसहेअरची (नेमाच्या फुलीची) नळी एका बाजूने टरेटचा स्क्रू दाबतो आणि दुसऱ्या बाजूने स्प्रिंग रेटते. क्लिक वर दिले की स्क्रू बाहेर येतो, स्प्रिंग ढिली पडते, मग झटक्याने आतली नळी स्क्रूला टेकून राहत नाही आणि छर्रा खाली जातो. तुम्ही प्रत्येक वेळी आणखी वर देताय म्हणजे आणखी ढिली करताय, म्हणून दिवसेंदिवस बिघडतंय.

टरेट पूर्ण प्रवासाच्या मधोमध आणा. मग मागच्या रिंगमध्ये स्कोपच्या खाली कोल्ड्रिंकच्या कॅनची पट्टी कापून घाला, कडा घासून. ती साधारण ०.१ मिमी जाड असते. दोन रिंगांत १०० मिमी अंतर धरलं तर २० मीटरवर नेम २० मिमी वर जातो. तुमचा पाव मिनिटाचा (हे मिनिट कोनाचं, अंशाचा साठावा भाग) क्लिक तिथे जवळपास दीड मिमी, म्हणजे एका पट्टीत १३-१४ क्लिक वाचले. दोनच्या वर पट्ट्या नको, स्कोपची नळी वाकेल. आणि रिंगचे स्क्रू आडवे-तिडवे थोडे थोडे आवळा, एलन कीवर जोर काढू नका.

धागाकर्ता: दोन पट्ट्या घातल्या. टरेट अगदी मधोमध नाही पण वर आता दीड फेरा शिल्लक आहे, आणि दोन वेगवेगळ्या दिवशी ग्रुप जागेवर! तरी झिरोला अजून बरेच क्लिक वर आहेतच, त्यामुळे पट्ट्यांऐवजी मागून उंच असलेलं माउंटच घ्यावं म्हणतोय. ११ मिमी रेलचं, स्टॉप पिनवालं, एक इंची नळीला चालेल असं कोणी वापरतंय का? एकसंध घेऊ की दोन वेगळ्या रिंगा?