मदत हवी आहे: किल्ली फिरवली की नुसतं 'खट्ट'! बॅटरी नवी, स्टार्टर दुरुस्त, तरी गाडी अडतेच

नमस्कार मंडळी,

गाडी नऊ वर्षांची, पेट्रोल, मॅन्युअल गिअर. गेले चार महिने एकच रडगाणं चालू आहे. किल्ली फिरवली की बॉनेटखालून एकच 'खट्ट' आणि मग सगळं शांत. सेल्फ फिरतच नाही. सोडून पुन्हा फिरवली तरी तेच. तिसऱ्या-चौथ्या खेपेला काही घडलंच नव्हतं अशी सुरू होते. सकाळी थंड असताना बहुतेक वेळा ठीक असते. अर्धा तास चालवून दहा मिनिटं थांबलो आणि परत निघालो की हमखास नखरे. गॅरेजमध्ये नेली की मात्र शहाण्या बाळासारखी एका झटक्यात सुरू, त्यामुळे मीच खोटा पडतो.

आधी बॅटरी बदलली. फरक शून्य. मग स्टार्टर उतरवून कार्बन ब्रश आणि सोलेनॉइड (मोटरला करंट जोडणारा चुंबकी स्विच) नवे टाकले. आठवडाभर बरी चालली, पुन्हा येरे माझ्या मागल्या. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर तपासला, इंजिन चालू असताना १४.२ व्होल्ट येतात. मधल्या काळात क्लच जड झाला म्हणून त्याची केबलही बदलून झाली. या गाडीला काही ना काही लागलेलंच असतं. आता गॅरेजवाले म्हणतात इग्निशन स्विच बदलू. आणखी एक पार्ट अंदाजाने बदलायची माझी तयारी नाही. माझ्याकडे साधा मल्टिमीटर आहे. कुठून सुरुवात करू?

प्रतिसाद १

कुठेतरी ड्रेन असणार. गाडी बंद असतानाही काहीतरी करंट खातंय.

प्रतिसाद २

ड्रेन असता तर रात्रभर उभ्या गाडीने सकाळी रडायला हवं होतं. यांची सकाळी ठीक असते आणि तापल्यावर अडते. तरी खात्री करून टाका: रात्रभर उभी राहिल्यावर, दार उघडण्याआधी जमलं तर उत्तम, बॅटरी मोजा. १२.६ च्या आसपास असेल तर ड्रेनचा विषय संपला. १२.२ म्हणजे बॅटरी निम्मी रिकामी.

इग्निशन स्विच इतक्यात बदलू नका. 'खट्ट' होतंय म्हणजे स्विच आणि रिलेकडून सोलेनॉइडपर्यंत हुकूम पोचतोय. सोलेनॉइड ओढला जातो, पण मोटर फिरवायला लागणारा भरभक्कम करंट मिळत नाही. स्विचमध्ये दोष असता तर बहुधा आवाजच आला नसता. भराभर 'टकटकटक' आलं असतं तर बॅटरी किंवा तिचे टर्मिनल आधी बघायला सांगितलं असतं.

एक गोष्ट बघून सांगा. अंधारात हेडलाइट लावून किल्ली फिरवा. अडते त्या वेळी लाइट मंद होतात की तशाच राहतात?

धागाकर्ता

सकाळी १२.६१ आले. काल रात्री दुसऱ्याच खेपेला अडली, तेव्हा भिंतीवरचा उजेड नीट पाहिला. किंचित थरथरला, पण मंद म्हणावा असा झालाच नाही. डॅशबोर्डही लख्ख.

प्रतिसाद २

मग बॅटरी आणि बॅटरी ते बॉडी हा रस्ता चांगला आहे. सेल्फ १५० अँपिअर ओढत असता तर लाइट नक्की दबल्या असत्या. करंट वाहतच नाहीये, म्हणजे वाट अडलेली आहे. एक तर पॉझिटिव्हच्या जाड केबलमध्ये, नाहीतर स्टार्टरच्या आत, नाहीतर इंजिनाच्या अर्थिंगमध्ये, म्हणजे करंट बॅटरीकडे परतायच्या वाटेत. माझा संशय शेवटच्यावर आहे, आणि त्याचं कारण तुम्ही जाता जाता लिहिलंय. काढलेली क्लच केबल आतून कशी होती?

धागाकर्ता

तुम्ही विचारलं म्हणून आठवलं. आतलं प्लास्टिकचं अस्तर वितळून तारेला चिकटलं होतं. मेकॅनिक म्हणाला इंजिनाच्या उष्णतेने झालं असेल.

प्रतिसाद ३

आमच्या जुन्या गाडीत अॅक्सिलरेटरची केबल अशीच भाजली होती, आणि आम्ही मुकाट्याने दोनदा बदलली!

प्रतिसाद २

उष्णतेनेच, पण इंजिनाच्या नव्हे. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून बॉडीशी त्याला जोडायला जाड विणलेली पट्टी असते. ती खराब झाली की सेल्फचा करंट परतीची दुसरी वाट शोधतो. धातूची क्लच केबल गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत गेलेलीच असते. बिचारी पेडल ओढायला केलेली, तिच्यातून शेकडो अँपिअरचा लोट जाऊ बघतो.

पट्टी ओहममध्ये मोजू नका, मीटर छान 'शून्य' दाखवेल आणि तुम्ही फसाल. १५० अँपिअरला फक्त ०.०२ ओहमचा अडथळा असला तरी ३ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. इतका बारीक रोध साध्या मीटरला दिसत नाही, त्याच्या स्वतःच्या वायरींचाच याहून जास्त असतो. म्हणून भार असताना व्होल्टेज मोजायचं.

गाडी न्यूट्रलला, हॅन्डब्रेक ओढलेला, फ्युएल पंपाचा फ्यूज काढलेला. मीटर २० व्होल्ट डीसीवर. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर (क्लॅम्पवर नव्हे, थेट शिशाच्या खुंटावर), दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर. वायरी पंखा-बेल्टपासून लांब ठेवा. कुणाला तरी चार सेकंद किल्ली फिरवायला सांगा. ०.२ च्या आत हवं. मग दुसरं टोक बॉडीवर लावून तेच करा. गाडी तापलेली असताना मोजा, थंड असताना मोजून उपयोग नाही. मीटर अँपिअरवर ठेवून सेल्फ कधीही मारू नका, आतला फ्यूज तत्क्षणी जाईल.

धागाकर्ता

मोजलं! मुलाला किल्लीवर बसवलं होतं. सेल्फ फिरला तेव्हा इंजिनावर १.३ व्होल्ट. चौथ्या खेपेला 'खट्ट' झालं आणि आकडा एकदम ६ च्या वर गेला, मी मीटर पाडणारच होतो. बॉडीवर मात्र दर वेळी ०.१ च्या आत. सेल्फचं निम्मं व्होल्टेज वाटेतच जिरत होतं, आणि मी बॅटऱ्या बदलत बसलो.

प्रतिसाद २

सापडलं म्हणायचं. तरी पट्टी सोडण्याआधी एक करा. जंपर केबलची एकच काळी वायर घ्या, एक चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरा इंजिनाच्या उघड्या धातूला, आणि अडलेली असतानाच किल्ली फिरवा.

धागाकर्ता

पहिल्या झटक्यात! वायर काढली की 'खट्ट', लावली की सेल्फ फिरतो, तीनदा करून पाहिलं.

पट्टी गिअरबॉक्सच्या खालच्या बाजूला होती, चिखलाने माखलेली. वरून धडधाकट दिसत होती. बॉडीकडचं लग (पट्टीच्या टोकाची, बोल्टखाली बसणारी कडी) हातात धरून जरा वाकवलं तर विणीतून हिरवी भुकटी पडली, आणि मोजून आठ-दहा तारा शाबूत. त्याच्या खालच्या जागेवर रंग आणि गंज. रंग खरवडायचा का? बॉडी सडेल अशी भीती वाटते.

प्रतिसाद २

लगच्या मापाएवढाच खरवडा, चकचकीत धातू दिसेपर्यंत. दातेरी वॉशर घाला, बोल्ट घट्ट आवळा, आणि मग वरून पेट्रोलियम जेली फासा. जेली आधी नको. नवी पट्टी जुन्यापेक्षा बारीक घेऊ नका आणि थोडी सैल सोडा, इंजिन हलतं तेव्हा तिला ताण बसता कामा नये. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढायची आणि शेवटी जोडायची. पंपाचा फ्यूज परत लावायला विसरू नका, नाहीतर उद्या नवा धागा काढाल.

धागाकर्ता

फ्यूज विसरलोच होतो. पाच मिनिटं घाम फुटला. पट्टी बसवली, आता इंजिनावर ०.१२ येतात. तापवून दहा वेळा बंद-चालू केली, एकदाही 'खट्ट' नाही. क्लचची नवी केबलही काढून बघतो, एवढ्या दिवसांत तिचं काय झालं असेल कोण जाणे.