झाड धातू पचवत नाही, कोंडून ठेवतं

दूषित जमिनीतून कॅडमियमसारखे विषारी धातू काढायला मोहरी लावतात. तेव्हा 'मोहरी कॅडमियम पचवते' असं म्हटलं जातं, त्यात दुरुस्ती. धातू हे मूलद्रव्य, ते पचत नाही. झाड त्याला फक्त कोंडतं. कॅडमियम पेशीत शिरलं की पेशीतल्याच ग्लुटाथायोन या गंधकयुक्त रेणूपासून फायटोकेलेटिनच्या (धातू पकडणाऱ्या रेणूंच्या) छोट्या साखळ्या तयार होतात. त्यांतल्या सिस्टीन या अमिनो आम्लाचं गंधक कॅडमियमला धरतं आणि ही जोडगोळी रिक्तिकेत (पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत) जाऊन पडते. गंधक कमी पडलं की सगळी व्यवस्था लंगडी.

शिसं मात्र बहुतेक मुळांतच अडकतं. ते पाल्यात चढावं म्हणून ईडीटीए (धातूला धरून पाण्यात विरघळवणारं रसायन) ओततात, पण सुटं झालेलं शिसं पावसाबरोबर भूजलात उतरतं. माझ्या मते नकोच.

मोहरी लावलीत तर मुळासकट उपटा; गुरांना घालू नका, शेतात गाडू नका, नाहीतर धातू परत तिथेच. खायचं पीक घ्यायचंय? मग आम्ल जमिनीत चुना देऊन सामू (pH) 6.5 च्या आसपास आणा, कॅडमियम मुळांना कमी मिळतं. भातात पाणी साठवूनही ते दबतं, पण जमिनीत आर्सेनिक असेल तर त्याच पाण्याने ते मोकळं होतं.