टॉवेल कारखान्याच्या डिस्पॅच ऑफिसवर विनोदी वेब सिरीज: कुठून सुरुवात करावी?

बिल्टीबहाद्दर
नमस्कार मंडळी. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याचं डिस्पॅच, म्हणजे माल रवाना करायचं काम बघतो. पार्टीला (माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला) "माल निघाला" म्हणून सांगायचं आणि माल अजून शिलाईलाच, हे आमचं रोजचं. यावर यूट्यूबसाठी ६ भागांची विनोदी सिरीज करायची आहे. चार मित्र, एक आयफोन आणि सुट्टीचा दिवस एवढंच भांडवल.
अडचणी: किस्से ढीगभर आहेत, पण लिहायला बसलं की नुसतं रडगाणं होतं. मालकांनी स्वतःला ओळखलं तर काय? आणि लूमच्या (यंत्रमागाच्या) खडखडाटात संवाद रेकॉर्ड कसे करायचे? जाणकारांनी सांगावं.

तिसरी घंटा
रडगाणं होतं कारण तुमचा नायक कायम बरोबर असतो. मालक चूक, दलाल चूक, ट्रान्सपोर्टवाला चूक आणि आपला डिस्पॅचवाला बिचारा सोसतोय. अशा माणसाची कीव येते, हसू येत नाही. "माल निघाला" हे खोटं त्याच्याच तोंडी द्या, तेही स्वतःच्या फायद्यासाठी. समजा त्याला पाचला घरी पळायचंय. पार्टी म्हणते, बिल्टी नंबर पाठवा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा नंबर. तो ट्रान्सपोर्टवाल्याच्या हातापाया पडून कुठल्यातरी जुन्या बिल्टीचा नंबर देतो. पार्टी त्या नंबरवर हैदराबादला माणूस उभा करते. आता खोटं निस्तरायला खरा माल रातोरात बांधावा लागणार. झाला एक भाग.

तुमच्या धंद्यात घड्याळही आयतं आहे: ई-वे बिल, म्हणजे माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद. साध्या मालाला दर २०० किलोमीटरला १ दिवसाची मुदत, सोलापूर-हैदराबाद ३०० च्या आसपास, म्हणजे २ दिवस. मुदत वाढवायची तर ती संपायच्या आधीचे ८ तास आणि नंतरचे ८ तास, एवढाच अवधी. गाडी नळदुर्गच्या पुढे बंद पडली, माल दुसऱ्या गाडीत टाकला, तर त्या बिलाच्या भाग-ब मध्ये नवा गाडी नंबर भरायचा. पासवर्ड एकट्या अकाउंटंटला माहीत, आणि अकाउंटंट गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसलाय. यात एकही विनोदी वाक्य लिहावं लागत नाही.

प्रत्येक किश्शाची तीन उत्तरं कागदावर मांडा: कोणाला काय हवंय, आडवं काय येतं, आणि सोडवायला गेल्यावर आणखी काय बिघडतं. तिसरं उत्तर मिळालं नाही तर तो चहाच्या टपरीवर सांगायचा किस्सा आहे, भाग नव्हे. पटकथेचं एक पान म्हणजे साधारण १ मिनिट धरा. ७ पानांच्या वर जाऊ नका. आणि शूटिंगच्या आधी संहिता अशा माणसांना वाचून दाखवा, ज्यांनी कधी गठ्ठा बांधलेला नाही. जिथे "म्हणजे काय?" असं विचारतील, तिथे विनोद मेलाय.

धोटा
आवाजाचं सांगतो, कारण नवख्या सिरीज तिथेच पडतात. चालू शेडमध्ये संवाद घेऊच नका. लूमचा आवाज मागे असला की प्रत्येक कटला तो उडी मारतो, आणि एडिटिंगमध्ये काही करता येत नाही. संवाद बंद, शांत खोलीत घ्या. लूमचा आवाज वेगळा २-३ मिनिटं रेकॉर्ड करा, तोही दाराबाहेरून. आत लूमजवळ धरलात तर आवाज फाटतो. मग संवादाखाली हलका लावा. दार उघडलं की मोठा, मिटलं की बारीक. मालक नेमका महत्त्वाचं बोलताना कोणीतरी दार उघडतं, हा गमतीचा भाग फुकटात पडला.

रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. लोक त्यासाठी फोम विकत आणतात, तुमच्याकडे टेरी टॉवेल आहेत! जाड, जास्त जीएसएमचे (दर चौरस मीटरला जास्त वजनाचे) घ्या, दुहेरी करून भिंतीपासून वीतभर पुढे दोरीवर टांगा. फ्रेममध्ये दिसले तरी डिस्पॅचमध्ये शोभतात. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, सुती शर्टाला. टेरिकॉट घासलं की खरखर येते. पंखा बंद. प्रत्येक जागी कोणीही न बोलता ३० सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा, कटच्या भेगा बुजवायला लागते. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पंखा बंद करून काम करणं म्हणजे कलाकार आणि फोन दोघांनाही चक्कर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच हंगाम.

कॅमेरा: आपली वीज ५० हर्ट्झची. सेकंदाला ३० फ्रेमवर ऑटो शटर ठेवलं की ट्यूबच्या उजेडात चित्रावर पट्टे सरकतात. आयफोनच्या सेटिंगमध्ये पाल फॉरमॅट चालू करा, २५ फ्रेम घ्या, शटर १/५० सेकंदावर. शटर लॉक करायला वेगळं ॲप लागतं. ब्लॅकमॅजिक कॅमेरा फुकट आहे. व्हाइट बॅलन्सही (रंगाची छटा ठरवणारं सेटिंग) लॉक, नाहीतर पांढरा टॉवेल दर शॉटला वेगळा दिसेल. पैसे माइकवर घाला, लेन्सवर नको.

परिशिष्ट ब
"सर्व पात्रे काल्पनिक" ही पाटी ढाल नाही. नाव न घेताही माणूस ओळखू आला तर बदनामीची तक्रार होऊ शकते. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, २ वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा. म्हणून दोन-तीन मालकांचा मिळून एक मालक करा, आणि माणूस ज्याने पटकन ओळखू येतो ते बदला: पालुपद, गाडी, गावभर झालेला एखादा प्रसंग. आडनाव देऊच नका. सोलापुरात आडनावावरून समाज कळतो आणि समाजावरून कारखाना. नुसतं "मालक" पुरे.

नेमणूकपत्रात गोपनीयतेचं आणि बाहेरच्या कामाचं कलम आहे का ते आधी वाचा. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लिखाणाचा हक्क मालकाकडे जातो (कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७). तुमची सिरीज त्यात बसत नाही, पण ऑफिसच्या लॅपटॉपवर, ऑफिसच्या वेळेत लिहून वादाला तोंड कशाला फोडता? खरी बिलं, जीएसटी नंबर, पार्टीचे व्हॉट्सॲप मेसेज पडद्यावर नकोत.
मित्रांशीही कागद करा. हक्क लेखीच द्यावे लागतात. मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरला जातो (कलम १९).

बिल्टीबहाद्दर
टॉवेलची आयडिया लई भारी! आता भाषेचं सांगा. आमच्याकडे मालक तेलुगूत, ड्रायव्हर दखनीत, हमाल कन्नडमध्ये बोलतात. पुण्या-मुंबईचा प्रेक्षक तुटेल का? आणि भाग ८ मिनिटांचाच हवा असं कोणीतरी म्हणालं.

साखरपेठ
भाषा आहे तशी ठेवा लगा. फक्त ती भाषा घरी बोलणाराच कलाकार घ्या; पाठ केलेली तेलुगू आपल्या तेलुगू वस्तीच्या अशोक चौकातलं शेंबडं पोरही पकडेल. भाषेलाच हसू नका. एकच माणूस तेच खोटं पार्टीला हिंदीत अदबीने, मालकाला तेलुगूत घाबरत आणि हमालाला मराठीत डाफरत सांगतो, हसू तिथे आहे. सबटायटल दोन ओळींत बसवा. शेवटचा शब्द कलाकाराच्या तोंडून यायच्या आधी पडद्यावर आला की विनोद वाया, म्हणून तो तुकडा वेगळा तोडा.

८ मिनिटांचं म्हणाल तर तेवढ्या लांबीपासून मधल्या जाहिराती लावता येतात. त्यासाठी ६ मिनिटांचा भाग ताणू नका. जाहिरातीचा वाटा मिळायलाच १००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४००० तास पाहिलं जाणं लागतं (शॉर्ट्सचा दुसरा मार्ग आहे: ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज). टपरीवरच्या शॉटमध्ये रेडिओवर गाणं वाजत राहिलं तर कॉपीराइटचा दावा येतो आणि कमाई गाण्याच्या मालकाकडे जाते. टपरीवाल्याला सांगून आधी बंद करा.

शूटिंग भागाप्रमाणे नको, जागेप्रमाणे करा: सहाही भागांतले मालकाच्या केबिनचे सीन एकदमच. ४२ पानं, दिवसाला ५, म्हणजे ९ सुट्ट्या धरा. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढा. कॅलेंडर आणि चहाच्या ग्लासाचा फोटो प्रत्येक सीनच्या शेवटी काढा. रोज रात्री फुटेज दोन ठिकाणी कॉपी, मगच फोन रिकामा करायचा. आणि पहिला भाग चढवायच्या आधी निदान चार भाग एडिट होऊन हातात असू द्या, कारण दिवाळीच्या ऑर्डरी सुरू झाल्या की तुम्हाला सुट्टी कोण देणार?