क्वीनचे ट्विन, आणि गच्चीवरचा खडू

प्रेषक: विनय (सध्या मुक्काम दादर)
विषय: ट्रेलरचा पलंग – कोणाचा तरी अर्धा तास हवाय

मंडळी, नमस्कार.

फेब्रुवारीअखेरपर्यंत मुंबईत आहे. सल्ला हवाय, आणि सल्ल्याहून जास्त मदत.

गेल्या वर्षी आम्ही जुना २४ फुटी ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेतला, हे मंडळाच्या सहलीला आलेल्यांना आठवत असेल. ज्याच्या आडोशाला भज्यांची कढई लावली होती तोच. जूनमध्ये आई-आप्पा अमेरिकेत कोलंबसला येतायत आणि तीन आठवडे त्यांना घेऊन फिरायचा बेत आहे. पुढच्या खोलीतला क्वीन बेड (दोघांचा एकच रुंद पलंग) त्यांना द्यायचा, आम्ही दोघं जेवणाचं टेबल खाली पाडून त्यावर झोपायचं, असं ठरलं होतं.

आता अडचण ऐका. खोलीची आतली रुंदी ९२ इंच. मधोमध ६० बाय ७५ चा पलंग. (घरचा क्वीन ८० इंच लांब असतो, ट्रेलरवाले ५ इंच खातात आणि नाव तेच ठेवतात.) म्हणजे दोन्ही अंगाला १६-१६ इंच उरतात. आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत, ती काठी घेऊन चालते. आप्पा रात्री तीनदा उठतात. १६ इंचांतून खेकड्यासारखं आडवं चालत जायचं, तेही अंधारात.

शिवाय हे दोघं गेली वीस वर्षं दादरला दोन वेगळ्या पलंगांवर झोपतात. मध्ये स्टूल, स्टुलावर तांब्या-भांडं. त्यांना क्वीन नकोच आहे. दोन भिंतींना दोन एकेरी पलंग (तिकडच्या भाषेत 'ट्विन') आणि मध्ये वाट, एवढंच हवंय.

पलंगाखाली काय काय आहे त्याची मापं मी घेऊन यायला विसरलो. ट्रेलर यार्डात बर्फाखाली, मी इथे. कोणी जाऊन टेप लावेल का?

विनय

---

प्रेषक: प्रकाश
विषय: उत्तर: ट्रेलरचा पलंग

पहिली दोन वाक्यं वाचून मला वाटलं तुझ्याच घरात काहीतरी बिनसलं. बायकोला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, कल्पना चांगली आहे, आपल्याकडेही करा.

वर्गणी राहिली आहे. ट्रेलरची नाही, मंडळाची.

---

प्रेषक: नेहा
विषय: उत्तर: ट्रेलरचा पलंग

दादा, दोन फोल्डिंग कॉट घेऊन बाहेर तंबूत टाकल्या तर? तुम्ही दोघं तंबूत, आई-बाबा आत ऐसपैस.

---

प्रेषक: विनय

नेहा, तंबूत आम्ही झोपू गं. पण आत क्वीन तसाच राहिला तर १६ इंच तसेच राहतात.

---

प्रेषक: शुभदा
विषय: पलंगाखालचा पंचनामा

विनय, शनिवारी जाऊन आले. चावी तू सांगितलेल्या जागी नव्हती, शेजारच्या जागी होती. ते असो.

पुठ्ठ्याचे तुकडे टाकून त्यावर गुडघे टेकले आणि फळी उचलली. खालून वर असं सांगते.

पलंगाची फळी जमिनीपासून २२ इंचांवर आहे, वर ८ इंचांची गादी. म्हणजे बसायची उंची ३०. एवढी उंची कशाला, तर उशाकडचे २२ इंच म्हणजे बाहेरून उघडणारा आरपार सामानाचा कप्पा आहे, खुर्च्या-होसपाइप ठेवतोस तो. तेवढ्यासाठी सगळा पलंग वर चढवलाय. सामानाचं बाहेरचं दार उजवीकडे १२ इंच उंचीचं आहे, त्याची वरची कड आतल्या जमिनीपासून १३ इंचांवर येते. हा आकडा लिहून ठेव.

कप्प्याच्या मागे, डाव्या अंगाला पाण्याची टाकी. १६ रुंद, ४८ लांब, १२ उंच, म्हणजे ४० गॅलन, दीडशे लिटरच्या आसपास. वाजवून पाहिली, रिकामी आहे, तू हिवाळ्याची तयारी नीट केलेली दिसते. टाकी डाव्या भिंतीपासून १७ इंचांवर सुरू होते आणि ३३ वर संपते. पंप टाकीच्या पायथ्याशी. उजवीकडे हीटरच्या गरम हवेची नळी आणि वायरी, बाकी रिकामं.

आता तुझा घोळ बघ. तू ३० चे दोन पलंग करणार असशील तर टाकी ३ इंच वाटेत येते. टाकी सरकवायची तर पट्टे, नळ्या, भरायच्या तोंडाची जोडणी सगळं सरकवावं लागेल. मी तरी सरकवणार नाही. भरली की दीडशे किलो होते, ती जिथे बसवली आहे तिथेच बरी.

उशाच्या दोन्ही कोपऱ्यांत कपड्यांची कपाटं आहेत, १६ रुंद. पलंग भिंतीला लागले की ती डोक्यात येणार. त्यांच्यावरच मधलं आडवं कपाट टेकलंय, म्हणून सगळी उपटू नकोस. फोटो वेगळे पाठवते.

शुभदा

---

प्रेषक: विनय
विषय: उत्तर: पलंगाखालचा पंचनामा (मजकूर आप्पांचा, टायपिंग माझं)

शुभदाताई, तुमचा मेल आप्पांना वाचून दाखवला. आप्पा माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झाले. पस्तीस वर्षं डब्यांच्या आतली कामं, बर्थ, बाकं, दारं. मी संगणकावर चित्र काढत बसलो होतो, ते म्हणाले, "कागदावरच्या माणसाला गुडघे नसतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गच्चीवर. संक्रांत जवळ आलेली, पोरं पतंग उडवत होती. आप्पांनी त्यांना एका कोपऱ्यात हाकललं, गुण्या लावला, दोरी ताणली आणि खडूनं ट्रेलरची खोली काढली, खऱ्या मापाची. ९२ इंच रुंद. टाकी काढली, कप्पा काढला, बाहेरचं दारसुद्धा काढलं. मग आईला काठीसकट त्या रेघांमध्ये चालायला लावलं.

आधी वाट २४ इंच ठेवली. काठी रेघेबाहेर जात होती, आणि आई वळताना पुन्हा पुन्हा पाऊल रेघेवर. २६ ला जरा बरं. २८ ला ती न अडखळता वळली, वर म्हणाली की आता मध्ये तांब्या कुठे ठेवायचा ते सांगा. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू कपडे वाळत घालायला आल्या होत्या, त्यांनीही चालून बघितलं. त्यांना २८ पुरत नाहीत, पण त्या येत नाहीयेत.

म्हणून पलंग सारखे नाहीत. डावा, आप्पांचा, ३४ इंच. टाकी त्याच्या पोटात आपोआप जाते, बाजूला एक इंच शिल्लक. उजवा, आईचा, ३० इंच. मध्ये २८. बेरीज ९२. आप्पांच्या भाषेत "चार सूत सुद्धा सांडले नाहीत." (चार सूत म्हणजे अर्धा इंच.)

खरी गंमत उंचीची झाली. आम्ही पाट एकावर एक रचून वरती घोंगडी टाकली आणि आईला बसवलं. २७ इंचांवर तिचे पाय लोंबकळत होते, उठताना तिला पुढे घसरून उडी मारावी लागत होती. (आई ४ फूट ११ इंच.) एकेक पाट काढत गेलो. १९ ला ती हात न टेकता उठली. मग आप्पांनी खाली जाऊन तिचा रोजचा पलंग मोजला. १९.

तुम्ही लिहून ठेवायला सांगितलेला १३ चा आकडा इथे कामाला आला. उजवीकडच्या सामानाच्या कप्प्याची फळी १४ वर उतरवली तरी बाहेरचं दार पूर्ण उघडतं. १४ ची फळी आणि ५ ची गादी, झाले १९. खुर्च्या आडव्या ठेवू. आप्पांचा पलंग मात्र २२ वरच राहील, टाकी, पंप आणि मधला कप्पा कशालाच हात लावायचा नाही. दोन पलंगांच्या मध्ये कप्प्याचा जो भाग उरतो, तोच तांब्याचा कट्टा.

कपाटांबद्दल आप्पांचं म्हणणं असं की डोकं तिथे करायचंच कशाला? गाडीत कोणी कुठेही डोकं करतं. पाय कपाटाखाली घालायचे. कपाट गादीच्या वर १८ इंच राहील इतकंच खालून कापायचं, वरचा भाग जसाच्या तसा.

यावर आईचा आक्षेप आहे की पाय दक्षिणेला येऊ नयेत. मी सांगितलं, ट्रेलर रोज वेगळीकडे उभा राहणार. ती म्हणाली, "मग होकायंत्र लाव आणि तसा उभा कर." बघू.

विनय आणि आप्पा

---

प्रेषक: शुभदा
विषय: उत्तर: पंचनामा

आप्पांना माझा नमस्कार सांग. मी एकेक पलंग ३० चा गृहीत धरून बसले होते, एक बारीक एक जाड हे सुचलंच नाही.

आता मला जे सुचतं ते. ट्रेलरच्या भिंतीवर विसंबू नका. आतलं पॅनेल जेमतेम एक सूत जाडीचं असतं, त्यात स्क्रू मारला तर माणसाच्या वजनानं बाहेर येतो. भिंतीतल्या उभ्या पट्ट्या चुंबक फिरवून शोधा, स्टेपल सापडतात. तरी वजन पायांवरून जमिनीत उतरवा, भिंतीला फक्त पलंग हलू नये म्हणून पट्टी. आणि जमिनीत लांब स्क्रू नकोत, खाली वायरी आणि नळ्या आहेत.

फळी उचलायचे जे गॅसचे दांडे आहेत ते परत वापरू नकोस. ते ६० इंचांची फळी आणि जड गादी उचलायला निवडलेले आहेत. अर्ध्या फळीवर लावलेस तर फळी खाली बसणारच नाही, आप्पांना घेऊन वर येईल.

हवेची नळी आईच्या पलंगाखालून जाते, तिचं तोंड वाटेकडे काढ. गॅसचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म खाली आहे, तो खोक्यात कोंडू नकोस. उजव्या भिंतीतली लाल कडीची खिडकी ही आगीच्या वेळी बाहेर पडायची वाट आहे, कापलेलं कपाट तिच्यावर येता कामा नये. आईंना ती उघडून दाखव.

आणि काम झालं की सगळं सामान, पाणी भरून काट्यावर ने. ओढणाऱ्या गाडीच्या हुकवर ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हवा. तुझा भरलेला ट्रेलर ५,५०० पौंडांचा असेल तर ५५० ते ८२५. तू पुढच्या टोकाला सुतारकाम करतोयस, तिथल्या प्रत्येक पौंडाचा बराचसा भार हुकवर येतो. जाड प्लाय नको, ४ सूतचा पुरे, खाली आडव्या पट्ट्या.

---

प्रेषक: सुहास (मुलुंड)
विषय: फोमबद्दल

मी आता मुलुंडला परत आलोय, पण यादीवरून कोणी काढलं नाही म्हणून लिहितो. फोम इथून नेऊ नका, वजन नाही पण आकार आहे. तिकडेच कापून घ्या. इथे फोमवाला ४० डेन्सिटी म्हणेल, ते किलो दर घनमीटर. तिकडे तेच अडीच पौंड दर घनफूट. ३२ म्हणजे दोन पौंड. आकडा बघून गोंधळू नका, दुकानदार दोन्हीकडे सारखाच आत्मविश्वासाने बोलतो.

---

प्रेषक: विनय
विषय: गादीचा वाद

सुहास, वेळेवर सांगितलंत. पण आमच्याकडे वाद फोमचा नाहीच, कापसाचा आहे. आप्पांना कापसाची गादी हवी. मी म्हटलं, ट्रेलरमध्ये रात्री श्वासाची वाफ गार फळीवर धरते, गादीच्या पोटाला ओल येते, कापूस ती पितो. आप्पा म्हणाले, मुंबईच्या पावसाळ्यात सत्तर वर्षं गादी वाळवतोय, मला ओल शिकवू नकोस.

तोडगा असा निघाला: तिकडे ३ इंच फोम, त्यावर इथली २ इंच कापसाची पातळ गादी. फळीला भोकं, फळी आणि फोमच्या मध्ये काथ्याची चटई. सकाळी कापसाची गादी गुंडाळून बाहेर खुर्चीवर उन्हात. गल्लीतल्या गादीवाल्याला दोन मापं दिली, ३४ बाय ७५ आणि ३० बाय ७५, तर तो म्हणाला, एकाच घरात एक गादी मोठी एक लहान कशी, भांडण होईल. खोळी मंगळदास मार्केटमधल्या जाड दोसुतीच्या, चेन लावून. बिजागऱ्या आणि कड्या आप्पांनी स्वतः नागदेवी स्ट्रीटवर जाऊन आणल्या, पाच दुकानं फिरून पहिल्याच दुकानातून.

प्रत्येक गादी पाच-सहा किलो. ते किलो पापड-लोणच्यांच्या वाट्यातून जाणार आहेत, हे मंडळाला आधीच सांगून ठेवतो.

आईनं काल विचारलं, गाडी चालू असताना मी मागे आडवी होऊ का? नाही, म्हटलं, ट्रेलर चालताना आत कोणी नाही, कित्येक राज्यांत तो गुन्हा आहे. ती म्हणाली, मग एवढा पलंग केला कशाला.

---

प्रेषक: प्रकाश

पापड कमी येणार असतील तर वर्गणी दुप्पट.

---

प्रेषक: शुभदा

मार्चच्या दुसऱ्या शनिवारी माझा टेबल सॉ आणि माझा नवरा, दोन्ही मोकळे आहेत. कपाट कापायच्या आधी मला फोन कर, एकट्यानं करवत लावू नकोस. आणि खडूचे फोटो पाठव, विशेषतः दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा.