चित्रपट-संध्याकाळ: 'सायको' दाखवायचा का? (सोलापूरच्या मावशीचं मत धरून)

मंडळी, नमस्कार.
फेब्रुवारीच्या चित्रपट-संध्याकाळीसाठी सगळ्यात जास्त पसंती हिचकॉकच्या 'सायको'ला आली आहे, आणि सगळ्यात जास्त तक्रारीही त्याच्याच नावावर. कुणी म्हणतं क्लासिक आहे, कुणी म्हणतं १९६०चा कृष्णधवल सिनेमा आता कोण बघणार. समीक्षकांचं सोडा, तुमच्यापैकी कुणी अलीकडे पाहिला असेल तर लिहा. हॉलचे पैसे रविवारपर्यंत भरायचेत.
मंजिरी

---

मंजिरी,
मी सध्या सोलापुरात आहे. गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरलीय, घरात पाहुणे अजून आहेत. परवा रात्री भाच्यानं टीव्हीला लॅपटॉप जोडला आणि आई, मावशी, वरच्या मजल्यावरचे वकीलकाका अशी सगळी 'सायको' बघायला बसली. मावशीचा हा पहिलाच इंग्रजी पिक्चर. मी शेजारी बसून मराठीत सांगत होतो.

आधी समीक्षकांचं. ते सोडू नकोस, त्यांची गोष्ट गमतीची आहे. हिचकॉकनं त्यांना आगाऊ खेळ दाखवलाच नाही. पहिल्या दिवशी चार लोकांत बसून बघा, म्हणाला. वर दारावर पाटी, की सिनेमा सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडणार नाही. तेव्हा अमेरिकेत खेळ लागोपाठ चालायचे, लोक मधेच घुसायचे आणि सुरुवात पुढच्या खेळाला बघून उठायचे. इथं तर नायिका पाऊण तासातच मरते. उशिरा आलेला माणूस तिची वाट बघत बसला असता! न्यूयॉर्क टाइम्सच्या बॉस्ली क्राउदरनं आधी नाक मुरडलं आणि वर्षाअखेरीस तोच सिनेमा आपल्या उत्तम दहांत घातला. लंडनच्या ऑब्झर्व्हरच्या सी. ए. लेजून बाई शेवट न बघताच उठून गेल्या. बाहेर लोकांच्या रांगा लागलेल्या. (त्याच वर्षी इंग्लंडात मायकेल पॉवेलच्या 'पीपिंग टॉम'ला समीक्षकांनी इतकं झोडपलं की त्याची तिथली कारकीर्दच जवळजवळ संपली. झोडपणाऱ्यांतल्या डिलिस पॉवेल बाईंनी १९९४ साली जाहीर चूक कबूल केली. चौतीस वर्षांनी.)

आता आमच्या खोलीत काय झालं ते. न्हाणीघराचा प्रसंग. सात दिवस शूटिंग, रक्ताच्या जागी चॉकलेट सिरप, हे सगळं ज्ञान पाजळायला मी टपून बसलेलो. व्हायोलिनं किंचाळून थांबली, बाई पडली, शॉवर तसाच चालू, पाणी जाळीत गोल गोल फिरतंय. सगळे चिडीचूप. आणि मावशी म्हणाली, "मेली न्हवं ती? मग नळ तरी बंद करा की कुणीतरी. केवढं पाणी चाललंय."

हसू नका. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. बाथरूममध्ये दोन पिंपं आणि सात बादल्या भरून ठेवलेल्या आहेत. मावशीला खुनापेक्षा ते पाणी सहन होईना. मी हा सिनेमा तीनदा पाहिलाय, पण पाणी इतका वेळ चालूच राहतं हे कधी लक्षात आलं नव्हतं.

पण खरी गंमत पुढे आहे. नॉर्मन, म्हणजे ती उतरलेली त्या मोटेलचा मालक, तिची गाडी दलदलीत ढकलतो, डिकीत तिचं प्रेत. गाडी अर्धी बुडते आणि थांबते. तो इकडेतिकडे बघतोय, तोंडात काहीतरी चघळतोय. खोलीत कुणी श्वास घेईना. मावशी हळूच म्हणते, "बुडंल की. थांब जरा." बुडाली तसा तिनं सुस्कारा सोडला.

वकीलकाका म्हणाले, "मावशी, पुरावा नष्ट करायला तुम्ही मदत केलीत."

दहा मिनिटांपूर्वी ती त्याच पोरीसाठी हळहळत होती. 'प्रेक्षक नकळत बाजू बदलतो' हे मी परीक्षणांत वाचलेलं. पण तिचं ऐकलं आणि ध्यानात आलं, मीही मनातल्या मनात तेच म्हणत होतो, दर वेळी. परीक्षण लिहिणारा घरी जाऊन सावरून लिहितो, मावशीला सावरायला वेळच मिळाला नाही.

माझं मत, दाखवा. लहान मुलं नकोत.
गिरीश

---

गिरीश, मावशींना माझा नमस्कार सांग.
माझा विरोध नाही, पण शेवटाबद्दल बोलायचंय (फोडत नाही). तो मानसोपचारतज्ज्ञ उभा राहून भाषण ठोकतो ना, ते अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्टलाही खटकलं होतं. त्याला ते लांबलेलं वाटलं. माझी तक्रार धंद्यातली आहे. सिनेमा बघून घरी गेलेल्या माणसाच्या डोक्यात 'मनाचा आजार म्हणजे सुरा' एवढंच उरतं. स्किझोफ्रेनिया म्हणजे दोन व्यक्तिमत्त्वं नव्हेत, हे मला अजून नातेवाइकांना समजवावं लागतं, आणि आपल्या 'छिन्नमनस्कता' या शब्दानं गोंधळात भरच पडते. या माणसांच्या वाट्याला हिंसा करण्यापेक्षा सोसणं जास्त येतं. २००४च्या 'देवराई'त अतुल कुलकर्णीनं केलेला शेष आठवा. तिथं खून नाही, पाठलाग नाही, आणि तरी बघताना हात गार पडतात. (तोही सोलापूरच्या नाटकांतून पुढं आलेला, गिरीशला बरं वाटेल.)
मला नंतर दहा मिनिटं द्या. आधी नको, मजा जाईल.
वसुधा

---

वसुधाताई, तुमचा मुद्दा मी मावशीला विचारला. ती म्हणाली, "त्यो डॉक्टर बोलला म्हणून झोप लागली. न्हायतर रातभर त्येच डोक्यात." तेव्हा ते भाषण ईबर्टसाठी नव्हतंच बहुतेक.
झोप लागली खरी. पण काल सकाळी ती कडी न लावता अंघोळीला गेली, आणि आईला बाहेर पाटावर बसवून ठेवलं. आई तिथंच मेथी निवडत बसली.
गिरीश

---

मंडळी,
शेवट कळला की थ्रिलर संपला, हे मला पटत नाही. राजा परांजप्यांच्या 'पाठलाग'वरून (१९६४) हिंदीत 'मेरा साया' आला १९६६ साली. मोठा भाऊ 'पाठलाग' बघून आलेला, त्यानं मला सगळं सांगून टाकलं होतं. तरी मी 'मेरा साया' दोनदा पाहिला, आणि दुसऱ्यांदा जास्त घाबरलो. भागवत टॉकीजला आम्ही तीन, सहा, नऊ अशा खेळांवर वाढलो. मधे घुसायची सोयच नव्हती, त्यामुळे हिचकॉकच्या पाटीचं आम्हाला काही वाटलं नसतं. एकच विचारतो. इंग्रजी पिक्चरला इंटरव्हल नसतो. आपण वडे कधी खायचे?
सुधीरकाका

---

ठरलं. 'सायको', फक्त मोठ्यांसाठी. दार बरोबर साडेपाचला बंद, नंतर कार्यकारिणीलाही आत सोडणार नाही. शेवटी वसुधाताईंची दहा मिनिटं. इंटरव्हल गाडी अर्धी बुडाल्यावर.
मंजिरी

---

मावशी म्हणते, अर्धी बुडाल्यावर नको. आधी पूर्ण बुडू द्या, नाहीतर वडा घशाखाली उतरायचा नाही.
गिरीश