मदत हवी आहे: ब्राझीलच्या ‘कानुदुस’चा इतिहास मराठीत कसा मांडावा?

बाईया राज्यातल्या कानुदुसवर मराठी लेख तयार होतोय. तीन गोष्टी अडल्या आहेत, जाणकारांनी कृपया सांगावं.

मोठी अडचण म्हणजे एकाच नावाची तीन गावं. पहिलं आंतोनियु कोंसेल्येइरु या धर्मोपदेशकाने 1893 मध्ये वसवलेलं. त्याच्यावर लष्कराच्या चार मोहिमा झाल्या आणि 5 ऑक्टोबर 1897 ला ते पडलं. त्याच अवशेषांवर दुसरं गाव उभं राहिलं, ते 1969 च्या सुमारास कोकोरोबो धरणाखाली गेलं. आजचं गाव तिसरं, धरणाजवळचं. दुष्काळात पाणी उतरलं की जुन्या चर्चच्या भिंती चिखलातून वर येतात, आणि त्या फोटोंखाली हमखास चुकीचं गाव लिहिलेलं असतं. ‘जुनं, बुडालेलं, आजचं’ अशी विशेषणं पुरेशी वाटतात का?

दुसरं, 1985 मध्ये कानुदुस हे एउक्लिदिस द कुन्या या गावाच्या प्रशासनापासून वेगळं होऊन स्वतंत्र ‘मुनिसिपियु’ (ब्राझीलमधला स्थानिक प्रशासकीय विभाग) झालं. याला ‘नगरपालिका’ म्हटलं तर घोटाळा होतो, कारण त्यात आजूबाजूचा सगळा ग्रामीण भागही येतो. ‘तालुका’ आकाराने जवळचा, पण तालुक्याला निवडून आलेला महापौर नसतो. मूळ शब्दच ठेवावा का?

तिसरं, इथल्या नदीचं नाव. पोर्तुगीज स्पेलिंगवरून ‘वाझा-बारिस’, उच्चारावरून ‘वाझा-बाहिस’. नकाशात कोणतं घ्यावं?

शोधताना एक जपा: रियु ग्रांजि दु सुल राज्यात ‘कानुदुस दु वाली’ हे वेगळंच मुनिसिपियु आहे. त्याची आकडेवारी इथे मिसळू नका.