अनुभव धागा: एबरॉनच्या पुढच्या सोर्सबुकांत काय हवं?

एबरॉन हे डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावरच्या भूमिका-खेळाचं एक काल्पनिक जग, ते २००४ साली आलं. तेव्हापासून प्रत्येक आवृत्तीत खेळ त्या जगातल्या ९९८ सालातच सुरू होतो: मोठ्या युद्धाचा तह होऊन दोन वर्षं, सायर हे राज्य नष्ट होऊन चार. हे फार चांगलं आहे, कारण जुनी पुस्तकं बाद होत नाहीत. पण मग नव्या पुस्तकाने काय द्यावं? टेबलावर खेळ नेमका कुठे अडतो आणि तिथे छापील काय हवं, ते आकड्यांसकट लिहा.

रेलप्रेमी

लाइटनिंग रेल ही एबरॉनमधली जादूवर चालणारी आगगाडी. तिचं भाडं मैलामागे नाण्यांत असं आहे (१०० तांबं किंवा १० चांदी म्हणजे १ सोनं): पहिला वर्ग ५ चांदी, साधा २ चांदी, तळाचा ३ तांबं. वेग ताशी ३० मैल. ३०० मैलांना १० तास लागतात आणि भाडं होतं अनुक्रमे १५०, ६० आणि ९ सोनं. अकुशल मजुराची रोजी २ चांदी. म्हणजे सर्वांत स्वस्त तिकिटाला ४५ दिवसांची मजुरी! मग तळाच्या डब्यात बसतं कोण? निर्वासित किंवा हंगामी मजूर तिथे दाखवायचे असतील, तर मैलाला १ तांबं धरा. १५ दिवसांची मजुरी निदान पटते.

पुस्तकात हवं ते असं: दोन स्टेशनांमधली अंतरं, थांबे, मालाचे दर, सीमेवर कागद तपासायला लागणारा वेळ. थॅलिओस्ट आणि रेकेनमार्क या शहरांमधला व्हाइट आर्च पूल युद्धात पडला, आणि सायरच्या जागी उरलेल्या, धुक्याने वेढलेल्या मॉर्नलँडने मधले रूळ गिळले. या तुटक्या टोकांना माल कसा उतरतो आणि पुढे कोण नेतं, यावर अख्खं प्रकरण होईल.

धुक्यापलीकडे

मला मॉर्नलँडचं स्वतंत्र पुस्तक हवं, तेही हेक्सक्रॉलचं, म्हणजे षटकोनी घरांच्या नकाशावर एकेक घर (हेक्स) शोधत जाण्याचं. खेळाच्या ३.५ आवृत्तीत तिथे जखमा आपोआप भरत नसत आणि बरं करणारे मंत्र चालत नसत. वॉरफोर्ज्डची, म्हणजे युद्धासाठी घडवलेल्या जिवंत यंत्रमानवांची, दुरुस्ती मात्र व्हायची. त्यामुळे आत शिरतानाच परतीचा हिशेब करावा लागे. आता आठ तासांची विश्रांती (लाँग रेस्ट) घेतली की सगळे हिट पॉइंट, म्हणजे पात्राच्या जिवाचे गुण, परत, आणि जुना नियम लावायचा की नाही ते डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, मर्जीवर. ती जागा भीतिदायक राहतच नाही.

तोवर चालणारा उपाय: लाँग रेस्टने हिट पॉइंट द्यायचे नाहीत, फक्त निम्मे हिट डाइस (विश्रांतीत जखमा भरायला टाकायचे फासे) परत. आणि शिधा खरोखर मोजायचा. माणशी रोज २ पाउंड शिधा, ८ पाउंड पाणी. चार जण, सात दिवस: शिधा ५६, पाणी २२४ पाउंड. सोबतच्या वॉरफोर्ज्डला दोन्ही लागत नाही आणि ताकद १६ असेल तर तो २४० पाउंड वाहतो. म्हणजे पाणी त्याच्या पाठीवर, शिधा इतरांच्या. तो पडला की पाणी गेलं! खेचर नेलं तर त्यालाही पाजावं लागतं.

हे सगळं दोन मंत्र मोडतात. गुडबेरीच्या एका स्लॉटमध्ये, म्हणजे तो मंत्र एकदा टाकला की, दहा जणांचं दिवसभराचं पोट भरतं, आणि क्रिएट वॉटरने १० गॅलन पाणी मिळतं. धुक्याआड हे दोन्ही कसे वागतात, ते पुस्तकाने एका ओळीत स्पष्ट सांगावं. शिवाय सीमेपासूनच्या अंतरानुसार वेगळे तक्ते हवेत. जिवंत मंत्र (स्वतःच हिंडणारी, हल्ला करणारी जादू) पहिल्याच हेक्समध्ये भेटला, तर पुढे वाढवायला काय उरतं?

खालचा दुरा

मला हवा शार्न या मनोऱ्यांच्या शहराचा उभा नकाशा. वरून पाहिलेले नकाशे आहेत, पण मनोरे मैलभर उंच जातात आणि पाठलाग खाली-वर होतो. पडणं हळू करणारा फेदर फॉल मंत्र एक मिनिट, म्हणजे दहा फेऱ्या, टिकतो, फेरीला ६० फूट, म्हणजे जेमतेम ६०० फूट. हजार फुटांवरून पडलात, तर उरलेल्या ४०० फुटांचे २०डी६ (सहा बाजूंच्या २० फाशांइतकी इजा) बसतातच. म्हणून प्रत्येक पुलाखाली किती फुटांवर पुढचा पूल किंवा छप्पर आहे, हे छापलेलं पाहिजे. सध्या डीएम अंदाजाने आकडा सांगतो आणि त्या आकड्यावर पात्राचा जीव ठरतो. ते बरोबर नाही.

सोअरवुड

एबरॉनच्या इतर खंडांपैकी झेनड्रिकला २००६ साली, सारलोना आणि आर्गोनेसेनला २००७ साली पुस्तक मिळालं. एरेनाल या एल्फांच्या बेटाला अधिकृत मालिकेत स्वतंत्र पुस्तक अजून नाही. हवाई जहाजांना लागणारं सोअरवुड लाकूड तिथलंच. ते तोडायला परवानगी कोण देतं, भाव काय, हवाई जहाजं चालवणाऱ्या लिरँडार घराण्याचा पुरवठा तोडला तर किती दिवसांत गोदी ओस पडते? मृत पूर्वजांची राजसभा मला आवडतेच, पण लाकडाच्या व्यापारातून तिथवर पोचणारं कॅम्पेन जास्त रंगेल.

डीएमच्या खुर्चीतून

@रेलप्रेमी, तळाचा दर उतरवा, पण साधा वर्ग महागच राहू द्या. पाच जणांचे ३०० मैलांचे ३०० सोनं पहिल्या लेव्हलच्या पार्टीकडे (पात्रांच्या गटाकडे) नसतात. म्हणूनच तिकीट काढणारा आश्रयदाता कथेत सहज येतो. २०१९ च्या ‘एबरॉन: रायझिंग फ्रॉम द लास्ट वॉर’ पुस्तकात आश्रयदात्यांवर एक भाग आहे. त्यात कोण कोणत्या वर्गाचं तिकीट देतं, एवढा एक रकाना वाढवला तरी पुरे. विद्यापीठाने साधा वर्ग द्यावा, गुन्हेगारी टोळीने मालडबा.